आपसूकचा वाफा

शेत पाहायला आलेल्यांपुढे नवऱ्यानं ओंजळभर माती धरली. लोण्यासारखी मऊ, आत गांडूळ वळवळतंय.

"तणनाशकाचा थेंब पडू दिला नाही हिच्यावर!"

"मग तण कसं आवरता, दादा?"

"माती सुधारली की तण आपसूक हटतं."

बायकोच्या अंगाचा तिळपापड झाला. खुरप्याच्या मुठीवर आखडलेली बोटं अजून सरळ होत नव्हती.

"वहिनी, तुम्हीही करता का थोडी मदत?"

"छे हो, मी कुठली!" ती गोड हसली. "या, पलीकडचा वाफा दाखवते."

पलीकडे कमरेइतकं तण माजलेलं. पीक औषधालाही दिसेना. नवरा गोरामोरा झाला.

"हे गं काय?"

ती पाहुण्यांकडे वळली. "महिनाभर मी इथं खुरपं लावलं नाही. हा वाफा अगदी यांच्या पद्धतीनं ठेवलाय."