कडेला जाड

"अलगद गं, मंगा, अलगद. झोपल्या लेकराच्या अंगावरून पांघरूण काढतेस असं समज."

सासूचा हा आवाज मंगतायारूने नवी नवरी असताना ऐकला होता. सासू गेली, मागे चूल राहिली आणि चुलीवरचं उलटं मडकं राहिलं. आता त्या मडक्यापाशी मंगतायारूची सून नागवेणी बसली होती, आणि खाटेवर पालथी पडल्या पडल्या मंगतायारू तिला शिकवत होती. सासूचा गोडवा मात्र तिच्या जिभेला नव्हता.

"अगं, पापुद्रा काढतेस का बकरीचं कातडं सोलतेस?"

"फाटला, अत्तय्या," नागवेणीने सासूबाईंना सांगितलं.

"दिसतंय मला. पाठ गेलीय माझी, डोळे नाही गेले."

गोदावरीकाठच्या त्या गावात दर दुसऱ्या घरी पूतरेकुलु होत. तांदळाच्या पातळ पिठात फडकं बुडवायचं, तापल्या मडक्याच्या पाठीवरून एकदाच ओढायचं. पापणी लवते न लवते तोच पापुद्रा सुटून येतो. त्यात तूप आणि गूळ भरून घडी घातली की मिठाई झाली. पण मंगतायारूच्या पापुद्र्यातून म्हणे समोरच्या घराचं दार दिसायचं. लग्नघरची माणसं लांबून तिचं घर विचारत येत.

सगळा जन्म चुलीपुढे वाकण्यात गेला, आणि अखेर पाठ बोलली. राजमुंद्रीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "मणक्यातली चकती सरकून शीर दाबली गेलीय. ऑपरेशनला उशीर केलात तर डावा पाय हातचा जाईल."

"बघू," मंगतायारू म्हणाली. गिऱ्हाइकाला सांगावं तसं.

घरी आल्यावर तिने अट घातली. "चूल एकदा विझली की गिऱ्हाईक दुसऱ्या दाराची सवय लावून घेतं. हिचे पापुद्रे ज्या दिवशी माझ्या पसंतीला उतरतील, त्या दिवशी मी गाडीत बसेन."

"म्हणजे पुढच्या जन्मी," नवरा वीरराजू म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा हो. चहा गाळता येत नाही धड, निघाले बोलायला."

तिने स्वतः बसून केलेली कोऱ्या पापुद्र्यांची शेवटची चळत काकिनाड्याच्या एका लग्नासाठी होती. ते लग्न पुढे ढकललं गेलं, तेव्हा वीरराजूने डबा उचलला. दुकानदाराला देऊन येतो म्हणाला.

एका सकाळी अंगणातून येताना मंगतायारूच्या डाव्या पायातली चप्पल मागेच गळून पडली. तिला कळलंच नाही. नागवेणीने ती उचलून आणली आणि खाटेखाली ठेवली.

त्याच दिवशी नागवेणीने मडकं उचललं आणि चूल मागच्या पडवीत मांडली.

"तुम्ही बघता ना, म्हणून माझा हात कापतो."

"आम्ही शिकलो तेव्हा सासूबाई काय डोळ्यांना पट्टी बांधून बसायच्या?"

पण तिने जाऊ दिलं. मागून माडाच्या झावळ्यांचा धूर येई, ओल्या तांदळाचा वास येई, मधूनच नागवेणीचा हळू उसासा येई. फाटके पापुद्रे खाऊन शेजारचं वासरू गुबगुबीत झालं.

आणि मग एका दुपारी नागवेणी टोपली घेऊन खाटेपाशी आली. वर ओलसर फडकं, खाली पापुद्र्यांची चळत. वीरराजू दाराकडे तोंड करून उभा होता.

मंगतायारू कुशीवर वळली. एक पापुद्रा तिने बोटांच्या टोकांवर घेतला, उजेडात धरला, फिरवला, पुन्हा धरला.

"कडेला जाड आहे."

"हो, अत्तय्या."

"मधे विरळ. फडकं ओढताना थांबलीस तू. मन कुठे होतं तुझं?"

नागवेणीने टोपलीवरचं फडकं सारखं केलं.

"माझी सर नाही यायची याला," मंगतायारू म्हणाली. "पण फाटला नाही. गिऱ्हाइकाला काही कळायचं नाही. चालेल." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "उभे काय राहिलात? गाडी सांगा."

ऑपरेशनच्या खोलीत नेतानासुद्धा ती सुनेला सांगत होती, "पीठ पातळ ठेव गं. आणि घाई करू नकोस."

शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा तिला कळला तो डाव्या अंगठ्याला लागणारा पंख्याचा वारा. तो अंगठा हलवून बघत ती किती तरी वेळ रडत राहिली.

घरी आली ती कमरेला पट्टा बांधून. वाकायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही. नागवेणीने सुरुवातीला बेताचीच कामं घेतली, मग थोडी जास्त. संक्रांत जवळ आली तशी चूल सकाळपासून पेटू लागली. पडवीतून पुन्हा पुढच्या ओसरीवर आली. मंगतायारू उंच खुर्चीवर बसून पापुद्रे मोजून चळती लावी, आलेल्या-गेलेल्याला पान देई, सुनेचं कौतुक पाठीमागे करी आणि तोंडावर करायचं टाळी.

एके दिवशी मात्र तिला राहवलं नाही. ताजा पापुद्रा तिने उन्हात धरला. पलीकडून येणारा वीरराजू त्यातून स्पष्ट दिसला, हातातल्या भाजीसकट.

"आता कशी कड एकसारखी उतरली!" ती म्हणाली. "नाही तर तो ऑपरेशनच्या आधीचा दिवस आठव. कड ही एवढी जाड. मी आपलं तुझं मन मोडू नये म्हणून हो म्हटलं. शिकवणारं माणूस लागतं, बाई. आपोआप कुणाला काही येत नाही."

वीरराजू भाजीची पिशवी घेऊन लगबगीने आत निघून गेला.

नागवेणीच्या हातातलं फडकं पिठातच थांबलं.

"अत्तय्या, पाठ आता दुखत नाही ना?"

"नाही."

"आणि पाय?"

"नाचून दाखवू?"

"मग सांगते," नागवेणी म्हणाली. "त्या दिवशी टोपलीत माझा एकही नव्हता. काकिनाड्याच्या डब्यातले, सगळे तुमच्याच हातचे होते."