सतरंजीवरची बैठक

देविकानं समोरचा ग्लास पालथा घातला आणि बाजेवरचे तिघंही तिच्याकडं बघू लागले.

"हे काय आता?" ईश्वरप्पासरांनी बाटली तशीच तिरकी धरली होती. "निकालाचं मटण हाय. आज नांदेडची नवी शाखा कुणाकडं द्यायची ते ठरवायचं हाय. आन तू ग्लास पालथा घालून राहिलीस?"

"डॉक्टरनं मनाई केलीय, सर. माहीत आहे तुम्हाला."

शिरूर अनंतपाळच्या रस्त्यावर ईश्वरप्पासरांचं शेत होतं. मेडिकल प्रवेशाचा निकाल लागला की लातूरच्या क्लासची सगळी माणसं एका दुपारी तिथं जेवायला यायची. चिंचेखालच्या बाजांवर पिणारे, पलीकडे सतरंजीवर बाकीचे. भूकंपानंतर ईश्वरप्पा, सिद्धलिंग आणि मलप्पा या तिघांनी पत्र्याच्या शेडमध्ये वीस पोरांवर क्लास काढला, तेव्हापासूनचा नियम होता: ज्याच्या हातात ग्लास, त्याला मत. आधी तो विनोदच होता. पुढं क्लास तीन मजली झाला आणि विनोदाचा कायदा झाला. सतरंजीवरचे जेवायचे, घरच्यांसाठी डबा भरून घ्यायचे आणि निघायचे. कुठली बॅच कुणाला, हे त्यांना दुसऱ्या दिवशी फळ्यावर कळायचं.

बाजेवर बसणारी देविका एकटीच बाई. तेव्हा ती एकशे अठरा किलोची होती आणि तीन पेगांनंतरही सरळ चालायची. "ह्यो आपला गडी हाय," असं मलप्पासर म्हणायचे. तिला ते आवडायचं.

आठ महिन्यांपूर्वी हैदराबादला तिचं वजन उतरवायचं ऑपरेशन झालं. पोट केळाएवढं ठेवलं. लेकीला कडेवर घेऊन जिना चढता येईना, म्हणून तिनं ते करून घेतलं होतं. चार वर्षांची लेक नांदेडला, तिच्या बाबाजवळ, श्रीपादपाशी. त्याची नोकरी तिथं रेल्वेच्या ऑफिसात. देविका लातूरला भाड्याच्या खोलीत. रविवारी ती परत निघाली की लेक तिच्या पर्सचा बंद धरून बसायची, बोट बोट सोडवावं लागायचं. देविकाला नांदेडची शाखा हवी होती ती एवढ्यासाठी.

"अगं, एक घोट घे आन मत टाक," ईश्वरप्पासर समजुतीनं म्हणाले. "सिद्धलिंगलाबी नांदेड पायजे, मलप्पा त्याच्या बाजूचा. माझं मत तुला. दोन-दोन मतं झाली की मी सांगीन ते. पण तुझं मत तुला लागंलच की."

"आता एकच पेग मला तिनाएवढा चढतो, सर."

"मग स्वस्तात पडलं की," मलप्पासर म्हणाले. बाज हसून हलली.

"बारीक झाली तसा तोरा आला," सिद्धलिंगसर आपल्या ग्लासात बघत पुटपुटले.

देविकानं ग्लास सरळ केला. सरांनी दोन बोटं ओतली. तिनं तो उचलला, ओठांपर्यंत नेला.

दोन महिन्यांपूर्वी मावसबहिणीच्या वास्तुशांतीनंतर असाच आग्रह झाला होता. तिनं घेतले होते मोजून दोन पेग. सकाळी जाग आली तेव्हा लेक शेजारी झोपलेली, पायांत बूट तसेच. तिला कुणी भरवलं, कुणी निजवलं, देविकाला काही आठवेना. लेकीला आठवत होतं. "मी तुला किती हाका मारल्या, आई," एवढंच ती म्हणाली होती.

देविकानं ग्लास खाली ठेवला.

"माझं मत नाही असं धरा," ती म्हणाली आणि उठली.

"कुठं निघालीस?"

"जेवायला."

सतरंजीवर नऊ जण होते. केमिस्ट्रीचे मुज्तबासर अकरा वर्षं इथंच बसत आले होते. क्लासच्या हॉर्डिंगवरची निम्मी पोरं त्यांच्या नोट्सवर डॉक्टरकीला लागली होती. त्यांच्या शेजारी झूऑलॉजीची नाझनीन आणि होस्टेल सांभाळणाऱ्या चांगुणाबाई. दर वर्षी देविका या सगळ्यांकडे पाठ करून प्यायली होती.

"मॅडम, वाट चुकली काय?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"हाव, लई वर्षं चुकली होती," देविका म्हणाली आणि मांडी घालून बसली. पूर्वी तिला मांडी जमायची नाही. तिनं वाटीत चमचाभर रस्सा घेतला. तिचं जेवण तेवढंच असायचं.

"समजा, शाखा मिळो न मिळो, मी नांदेडला गेले," तिनं सरळ विचारलं, "तर माझ्यासोबत कोण येईल?"

नाझनीननं मुज्तबासरांकडं पाहिलं. त्यांनी सावकाश हात पुसले.

"मी येतो की. मी नांदेडचाच हाय, मॅडम. अम्मी तिथंच ऱ्हाते, गुरुद्वाऱ्याच्या मागल्या गल्लीत. एकटीच असते."

"अकरा वर्षांत कधी बोलला नाहीत, सर?"

"कुणी विचारलं न्हाई."

देविकाचा चमचा वाटीतच राहिला. तिनंही नव्हतं विचारलं.

"माझं नाव धरा, मॅडम," नाझनीन म्हणाली.

"पोरं आली म्हंजे होस्टेल लागंलच," चांगुणाबाई म्हणाल्या. "मला काय, चुली सगळीकडं सारख्याच." मग फिजिक्सचा डाउट-क्लास घेणारे दोघं एकमेकांकडं बघून हसले आणि त्यांनी हात वर केले. वर्गात करतात तसे.

बाजेवर हे सगळं ऐकू येत होतं. केमिस्ट्री गेली तर पुढच्या साली हॉर्डिंगवर काय लावायचं, एवढं ईश्वरप्पासरांना दोन पेगांनंतरही कळत होतं. ते उठले. चपला ओढत आले आणि सतरंजीच्या कडेला उभे राहिले.

"इथं काय ठरवून राहिलात तुम्ही?"

देविकानं सरकून जागा केली.

"बसा, सर. तुमचंही मत घेऊ."