सगळे नरच

शेवटचा मासाही नरच निघाला. लेकीने चिमटा ताटलीत ठेवला आणि मागच्या सात वर्षांच्या नोंदी पुन्हा एकदा चाळल्या. तिथेही सगळे नरच.

ती परक्या माशांची तज्ज्ञ. दूरदेशीचा मासा गोड्या पाण्यात दिसला, की तो पुराबरोबर वाहत आला, मत्स्यशेतीतून निसटला की कुणी हाताने सोडला, हे आधी ठरवायचं. मग तो नुसता आला, तगला की पिल्लं घालून रुजला, ते लिहायचं. माशांची कुळकथा तिला तोंडपाठ होती. माणसांकडे बघायला फुरसत नसे. आई गेल्यावर तर दोन-दोन वर्षं ती माहेरी फिरकत नसे. मग घरामागच्या तळ्यात हा केशरी शेपटीचा मासा सापडला, आणि दरवर्षी चार दिवस ती जाळं घेऊन यायला लागली.

बाबा उरलेलं वर्ष या चार दिवसांवर डोळे लावून काढत. ती येणार म्हटलं की या म्हाताऱ्या घड्याळजींच्या अंगात दहा हत्तींचं बळ येई. पलंगावरची चादरच तीनदा बदलून होई. आताही ते मागच्या ओट्यावर तिच्याजवळ बसून सफरचंद कापत होते. एक फोड तिला, एक तिलाच.

तिने त्यांना समजावून सांगितलं. या जातीत रंग फक्त नराला असतो. इतक्या वर्षांत एक मादी नाही, एक पिल्लू नाही. म्हणजे कुणीतरी दुकानातून देखणे तेवढे निवडून आणतंय आणि दरवर्षी तळ्यात सोडतंय. कसले एकेक रिकामटेकडे लोक असतात, असं म्हणून ती हसली. बाबा हसले नाहीत.

"मासा रुजलेला नाही," ती लिहिता लिहिता म्हणाली. "सुटले, बाबा. आता हे तळं तपासणीच्या यादीतून काढता येईल. पुढच्या वर्षीपासून इथे यायला नको."

बाबांचा सुरीचा हात थांबला. लेकीपुढे डोळ्यांत पाणी आणायचं नव्हतं. उरलेली फोड त्यांनी तिच्या हातात ठेवली. मग खाकरून त्यांनी हळूच विचारलं,

"दुकानात माद्या कशा ओळखायच्या, तेवढं मला सांगून जा."