व्हरांड्यातली रेघ

मावशीच्या विद्यापीठाच्या अहवालात माझं नाव येणार होतं! मोजणीला मदत: दानित्सा. छापील!

शनिवारी सकाळी आंतोफागास्तातली आमची शाळा रिकामी होती. व्हरांड्याच्या एका टोकाला रेडिओलहरी सोडणारी पेटी, दुसऱ्या टोकाला त्या टिपणारी. या लहरी फार नाजूक. मध्ये माणूस आला, की अडतात आणि लॅपटॉपवरची रेघ धपकन खाली येते. ओरिएता मावशी वर्गात रेघ बघत होती. माझं काम व्हरांडा मोकळा ठेवायचं.

"मोकळा!" मी ओरडले.

"मग रेघ पडली कशी? मध्ये नाचतेयस ना?"

"पालीसारखी भिंतीला चिकटलेय गं!"

"पुन्हा पडली. लबाडी केलीस तर नाव खोडीन हं."

मला वाटलं, हीच माझी फिरकी घेतेय. चिडून मी दोन्ही पेट्यांच्या बरोब्बर मध्ये जाऊन उभी राहिले, हात पसरून.

"घे, आता खरंच मध्ये आहे!"

"आता? आता तर रेघ सरळ वर गेली. झालीस ना बाजूला?"

"अगं, मध्येच आहे! बाहेर येऊन बघ."

लॅपटॉप घेऊन मावशी दारात आली. तोंडात पावाचा घास होता. तिने माझ्याकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. रेघ वरच होती. तिचं चावणं थांबलं.

मी हसले. ती हसली नाही. एक पाऊल मागे सरकली.

"खरं सांग," ती मलाच म्हणाली, "दानित्सा कुठे आहे?"