दाराचा खटका

दोन आसनांच्या जुन्या विमानाला एकच दार, तेही वाऱ्याने आपटणारं. बिजागरी तुटू नये म्हणून नवरा चढताना बायको ते दोन्ही हातांनी धरून ठेवी. मग तो उडून जाई आणि ती धावपट्टीच्या कडेला उभी राही. देह जमिनीवर, जीव आभाळात. ‘तो बरोबर नेईलही गं, पण दार कोण धरणार?’ अशी ती मनाची समजूत घाली. शेवटी तिनेच मिस्त्रीकडून पंखाखाली दार अडकवायचा खटका बसवून घेतला. “वहिनी, आता तुमची सुट्टी,” मिस्त्री म्हणाला. भर वाऱ्यातही दार जागचं हललं नाही. नवरा खुशीत आत सरकला. “झकास. आता तू कुठे उभी राहणार?” “उभी कशाला राहू?” ती पायरीवर पाय ठेवत म्हणाली. मग शेजारच्या आसनावर वर्षानुवर्षं बसलेली पिशवी उचलून त्याने मागे टाकली.