चौथा विधी

मनमोहन रणपिसे चाळीचा जिना चढत होता आणि खाली अख्खं परळ नाचत होतं. मुंबईसह महाराष्ट्र झाला होता. गिरणीच्या फाटकाला तोरण, रस्त्यात लेझीम, जो भेटेल त्याच्या तोंडात साखर. मनमोहनच्या कपाळालाही कुणीतरी गुलाल फासला होता. त्याच्यामागून त्याचे वरिष्ठ, रेव्हरंड भिंगारदिवे, धापा टाकत येत होते. त्यांच्या काखेत दफनविधीचं पुस्तक होतं.

"घाई नाही," ते म्हणाले, "पण जवळ असलेलं बरं."

मनमोहन ल्यूथरन मंडळीचा उमेदवार पाळक. दक्षिणेतल्या पाळक घडवणाऱ्या सेमिनरीत ग्रीक-हिब्रूशी झटापट करून तो परळला आला, त्याला तीन वर्षं होत आली होती. दीक्षा मिळायच्या आधी चार विधी वरिष्ठांच्या देखत पार पाडायचे, असा नियम. बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न आणि दफन. तेही नेमणुकीच्या मंडळीतच. पहिले तीन बघता बघता उरकले. चौथ्यासाठी मात्र कुणी मरेना.

मंडळी मुळात मूठभर, सगळी गिरणीतली माणसं. आणि गिरणगावात माणूस राबायला येतो, मरायला गावी जातो. जरा खोकला वाढला की चालला जालन्याला. तिकडचे पाळक पुरून पुरून दमले, आणि इकडे मनमोहन झगा इस्त्री करून बसलेला. तो आजाऱ्याच्या समाचाराला गेला की घरचे दचकायचे. एका म्हाताऱ्याने तर त्याला दारात बघताच अंथरूण सोडलं आणि स्वतः उठून चहा टाकला. नलूच्या वडिलांनी बजावून ठेवलं होतं, "नावापुढे रेव्हरंड लागू दे, मग मुलगी." नलू बिचारी वाट बघत होती, पण अलीकडे भेटली की आधी मंडळीतल्या म्हाताऱ्यांची प्रकृती विचारायची.

उरल्या एकट्या जाईबाई. सारा जन्म गिरणीत गेलेला, गावी दिवा लावायलाही कुणी नाही. त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा मनमोहन लगबगीने भेटायला गेला, आणि त्यांनी त्याला तिथल्या तिथे ओळखलं.

"माझ्यावर डोळा हाय व्हय रं तुझा? पुरशील, पुरशील. पण मुंबई धरून समदा मराठी मुलूख एक झाल्याबिगर म्या डोळं मिटायची न्हाई."

तेव्हापासून मनमोहनला राजकारणाची गोडी लागली. नरे पार्कवरची एक सभा त्याने चुकवली नाही. घोषणा अशी बेंबीच्या देठापासून द्यायचा की समितीचे लोक म्हणायचे, तळमळ असावी तर अशी. ती कसली होती ते देवालाच ठाऊक. एकदा पाठीत पोलिसाची लाठीही खाल्ली. सभा संपली की बातमी घेऊन तो थेट जाईबाईंकडे यायचा.

आणि तिथेच घोटाळा झाला. बातमीनंतर चहा, चहानंतर गप्पा. रविवारचा उपदेश तो आधी त्यांना वाचून दाखवू लागला. आवडला नाही तर त्या तोंडावर घोरायच्या. दफनविधीची तालीमही त्यांनीच करून घेतली. "सावकाश वाच की," उशीवरून ओरडायच्या, "म्या काय पळून चाललेय?" सेमिनरीने मनमोहनला उपदेश लिहायला शिकवलं होतं, माणसाशी बोलायला शिकवलं ते जाईबाईंनी. त्याची आई लहानपणीच गेलेली. त्या कोंदट खोलीत त्याला घरी आल्यासारखं वाटायचं, आणि हे त्याला फार उशिरा कळलं.

गेला आठवडाभर जाईबाईंनी पेजही सोडली होती. डॉक्टर म्हणाले होते, "कशाच्या जोरावर टिकल्यात, कळत नाही." मनमोहनला कळत होतं.

दारात शेजारच्या कमलाबाई साखरेची वाटी घेऊन उभ्या होत्या. "मी कायएक सांगूक नाय हां," त्या कुजबुजल्या. "ती म्हणता, मनमोहनाच्याच तोंडान ऐकतलंय."

आत भिंगारदिवे खुर्ची ओढून बसले. "सांग बाबा," ते हळूच म्हणाले. "तिचीही सुटका, तुझीही."

जाईबाईंनी डोळे किलकिले केले. "आलास व्हय? कसला गलका हाय रं? झाला का महाराष्ट्र?"

मनमोहन अंथरुणाशी टेकला. एक शब्द बोलायचा अवकाश, की दीक्षा, रेव्हरंड, नलू, सगळं पदरात. बरं, नाही म्हणावं तर मरणाऱ्याशी पाळकाने खोटं बोलू नये, हा सेमिनरीतला पहिला धडा, आणि परीक्षक समोर बसलेले. त्याने जाईबाईंचा हात हातात घेतला. त्या हाताला आता वजनच उरलं नव्हतं. तीन वर्षं ज्या मरणाची वाट पाहिली, ते त्याला अजिबात नको होतं.

"झाला, आजी," तो म्हणाला.

भिंगारदिव्यांनी पुस्तकाचं पान काढलं.

"मुंबई धरून?"

"मुंबई धरून."

जाईबाईंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्यांनी लांब श्वास सोडला आणि त्यांच्या पापण्या हळूहळू मिटू लागल्या.

मनमोहन घाईघाईने त्यांच्या कानाशी वाकला आणि नरे पार्कवर ओरडायचा तसा ओरडला, "पण आजी, बेळगाव अजून राहिलंय!"