माहेरची करंगळी

माझ्या आईच्या माहेरच्या बायकांची उजवी करंगळी जन्मतःच वाकडी. आजीची होती, मावशीची आहे, माझीही आहे. मी चंदनाला दत्तक घेतलं, तेव्हा "परकं रक्त ते परकंच," म्हणत मावशीनं आमच्याकडे मल्लेश्वरमला येणंच सोडलं. मीही बोलावलं नाही. आज ती इतक्या वर्षांनी आली आणि तोंड फिरवून बसली. चंदना आपणहून फिल्टर कॉफी घेऊन आली आणि तिच्यासमोरच पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात ओतू लागली. मावशी एकदम पुढे वाकली. पोरीची उजवी करंगळी वाकडी होती! मावशीनं तिचा हात धरून बोट ओढलं. ते सहज सरळ झालं. "अगं, तुझी तर सरळ आहे. वाकवतेस कशाला?" चंदना गोंधळली. "अज्जी, कॉफी अशीच ओततात ना? आई अशीच ओतते."  मग मावशीनंच ती करंगळी हळूच पुन्हा वाकवली.